झोप की ग्लानी? : मांजरीच्या पिलाची प्रकृती ओळखण्याविषयी एक पाठ



आपल्या शहापूरच्या पंचक्रोशीत असे घर विरळा, की जेथे धानाची पोती आहेत आणि मांजर नाही. भंडारा जिल्हा हा भाताचा मुलूख. जेथे धान तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम ठरलेलाच आहे. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला किंवा एखाद्या जुन्या टोपलीत मांजरीची पिले जन्मास येतात. काही दिवस घरातील मुलांचा सारा वेळ त्यांच्या भोवती जातो. मग एके दिवशी त्यांतील एखादे पिलू खेळेनासे होते. ‘झोपले असेल,’ असे एक म्हणतो. ‘उन्हाने दमले असेल,’ असे दुसरा म्हणतो. दोन दिवसांनी ते पिलू मेलेले आढळते, आणि ‘मांजरीची पिले अशीच जातात’ या वाक्याने त्या प्रकरणाचा शेवट होतो.

या वाक्यात सत्याचा अंश नाही असे नाही. मांजरीची सर्वच पिले जगत नाहीत. तथापि जी जातात त्यांपैकी कित्येक वाचण्याजोगी असतात, आणि ती जातात याचे कारण रोग असाध्य होता हे नसून तो वेळेवर ओळखला गेला नाही हे असते. पिलू रडून, कण्हून आपले दुखणे सांगत नाही. ते केवळ मलूल होते. म्हणून पिलाची स्वाभाविक झोप कोणती आणि रोगाची ग्लानी कोणती, हे ओळखावयास शिकणे हाच या पाठाचा विषय होय. येथे वैद्यकी शिकवण्याचा आव नाही. रोगाचे निदान व औषधोपचार हे पशुवैद्याचे काम आहे. परंतु पिलाला पशुवैद्याकडे केव्हा न्यावे, हे ठरवणे घरच्या माणसांच्याच हाती असते, आणि पुष्कळदा त्या एका निर्णयावर पिलाचे जगणे अवलंबून राहते.

१. निरोगी पिलू किती झोपते?

मोठे मांजर दिवसाच्या चोवीस तासांपैकी १२ ते १६ तास झोपेत घालवते. पिलू त्याहूनही अधिक झोपते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात तर केवळ दूध पिण्यापुरतेच ते जागे होते. त्याचा शेकडा नव्वद वेळ झोपेत जातो. या वयात त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान उघडतात. झोपेत ते पाय झटकते, ओठ हलवते, मध्येच अंग थरकवते. हे पाहून मुले घाबरतात; पण तान्ह्या पिलाच्या बाबतीत हे सुलक्षण समजावे. झोपेत अजिबात न हलणारे, हाती घेतले असता चिंधीसारखे लोंबणारे तान्हे पिलू हेच काळजीचे असते.

तिसऱ्या आठवड्यापासून पिलू अडखळत चालू लागते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात भावंडांशी त्याची कुस्ती सुरू होते. दीड-दोन महिन्यांचे पिलू दिवसातून अठरा तास झोपले तरी त्यात वावगे काही नाही. उरलेल्या वेळात मात्र ते इतकी धावपळ करते, की घरातील एकही दोरी, एकही पदर व एकही पायाचा अंगठा त्याच्या तावडीतून सुटत नाही. असे दमून ते जेथे असेल तेथे आडवे होते आणि पुन्हा उठले की पुन्हा तोच प्रकार.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पिलू किती तास झोपले, या मोजणीवरून त्याची प्रकृती कळत नाही. ते जागे झाल्यावर कसे वागते, यावरून ती कळते. हे एकच सूत्र ज्याने लक्षात ठेवले, त्याने या पाठाचा अर्धा भाग शिकला.

२. माझी एक चूक

हे सूत्र मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. पण ते मी एका पिलाच्या मोबदल्यात शिकलो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या घरच्या मांजरीचे एक पिलू मला आणून दिले. मादी होती; वय दोन महिन्यांचे. घरच्यांनी तिचे नाव मनी ठेवले. मी वह्या तपासावयास बसलो की ती माझ्या लेखणीच्या टोकावर झेप घेई, आणि लाल शाईच्या रेघा विद्यार्थ्यांच्या चुका सोडून भलतीकडेच जात.

एका शुक्रवारी ती लेखणीकडे आली नाही. पायाशी बसून राहिली. मी मनाशी म्हटले, ‘आता हिला समज येऊ लागली.’ घरातही तिच्या शहाणपणाचे कौतुक झाले. शनिवारी ती पाण्याच्या वाटीशी मान खाली घालून बसलेली दिसली. पाणी मात्र पीत नव्हती. मला सहामाही परीक्षेचे पेपर तपासावयाचे होते. रविवारी तिला वांत्या सुरू झाल्या, आणि सोमवारी पहाटे ती गेली.

त्या सोमवारी मी शाळेत गेलो तो तोच विद्यार्थी भेटला. मनीचे सख्खे भावंड त्याच्याच घरी होते. त्यालाही त्याच शुक्रवारी तसेच झाले होते; पण त्याच संध्याकाळी तो मुलगा त्याला टोपलीत घालून भंडाऱ्यास पशुवैद्याकडे घेऊन गेला होता. सलाइन व इंजेक्शने चालू होती. ते पिलू वाचले. मी त्याला विचारले, ‘तुला रोग आहे हे कसे कळले?’ तो म्हणाला, ‘गुरुजी, रोग कुठला ते नाही कळले. पण मी शाळेतून घरी आलो की तो रोज माझ्या पायावर उडी मारतो. त्या दिवशी त्याने नुसते बघितले.’

रोग एक, आई एक, दिवसही एकच. त्या मुलाने जे पाहिले ते मीही पाहिले होते. फरक इतकाच, की मी त्याला शहाणपण म्हटले आणि त्याने त्याची चौकशी केली. तो रोग मांजरांचा पार्वो होता, हे मागाहून कळले. त्याविषयी पुढे सांगतो.

३. रोगी प्राणी मलूल का होतो?

मलूल होणे म्हणजे नुसती शक्ती संपणे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यात शरीराची एक योजना आहे. कॅलिफोर्नियातील पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली एका महत्त्वाच्या निबंधात असे प्रतिपादन केले, की रोगजंतूंचा शिरकाव झाला असता प्राण्याने निजून राहणे, अन्न टाकणे व अंग न चाटणे हा दुबळेपणाचा केवळ परिणाम नसून रोगाशी झुंजण्याचाच एक भाग आहे. ताप वाढवण्यास शरीराला पुष्कळ उष्णता खर्चावी लागते. ती वाचावी म्हणून हालचाल थांबते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी, की ग्लानी हे कोणा एका रोगाचे लक्षण नव्हे. ते जवळजवळ सर्वच रोगांचे पहिले लक्षण आहे. रोग कोणता हे ती सांगत नाही, रोग आहे एवढेच सांगते. दुसरी अशी, की पिलाजवळ शिल्लक अत्यंत थोडी असते. मोठ्या मांजराच्या अंगी चरबीचा साठा असतो. तान्ह्या पिलाच्या अंगी तो नसल्यासारखाच. काही तास दूध न मिळाले तर त्याच्या रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते, आणि गार पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. मोठे मांजर ज्या आजारात तीन दिवस तग धरते, त्याच आजारात पिलू एका रात्रीत हातचे जाते.

शिवाय मांजर हा शिकारी प्राणी असला तरी मोठ्या जनावरांचे तो भक्ष्यही आहे. दुबळेपणा उघड करणे रानात महागात पडते, म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव झाला आहे. मांजर दुखण्याने ओरडेल याची वाट पाहणाऱ्याला बहुधा उशीर होतो.

४. जागेपणाची परीक्षा

पिलाविषयी संशय आला असता पुढील गोष्टी क्रमाने कराव्या. यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

प्रथम पिलू आपोआप जागे होण्याची वाट पाहावी, किंवा त्याच्या खाण्याच्या वाटीचा ओळखीचा आवाज करावा. निरोगी पिलाचे कान प्रथम वळतात, मग डोळे उघडतात, मग ते आळस देऊन उठते. आजारी पिलू डोळे अर्धवट उघडते आणि पुन्हा मिटते.

नंतर एक दोरा जमिनीवरून हळूहळू ओढावा. खेळून नुकतेच दमलेले पिलू न उठताही नजरेने दोऱ्याचा पाठलाग करील, निदान पंजा तरी उचलील. ज्याची नजरही हलत नाही त्याची प्रकृती बरी नाही असे समजावे.

तिसरी गोष्ट अन्न. आवडीचे खाणे नाकाजवळ धरले असता तोंड फिरवणारे पिलू आणि थोड्या वेळाने खाणारे पिलू यांत मोठा भेद आहे. ग्लानी व अन्नावरील अनिच्छा ही दोन्ही एकत्र आली, की संशयाला जागा उरत नाही.

चौथी गोष्ट बसण्याची ढब. सुखाने झोपलेले पिलू वेटोळे करून तरी पडते किंवा हातपाय पसरून उताणे तरी होते. रोगी पिलू चारही पाय पोटाखाली घेऊन, पाठ वर काढून, मान खाली घालून बसते. ते झोपलेलेही नसते व जागेही नसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील पांढुरकी तिसरी पापणी पुष्कळदा अर्ध्यावर आलेली दिसते. चेहऱ्याकडेही पाहावे. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे एक माप प्रसिद्ध केले. कानांची ठेवण, डोळ्यांचे बारीक होणे, नाकाडाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्याच्या मानाने डोक्याची उंची, अशी पाच चिन्हे त्यात पाहतात. कान बाहेरच्या बाजूस वळून एकमेकांपासून दूर गेले, डोळे बारीक झाले आणि डोके खांद्याखाली उतरले, तर वेदना आहे असे समजण्यास हरकत नाही.

पाचवी गोष्ट जागा व संगत. भावंडांच्या गराड्यातून उठून खाटेखाली, मोरीजवळ किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात एकटे जाऊन बसणे हे अशुभ चिन्ह होय. एकाच वेळी जन्मलेल्या पिलांची आपसांत तुलना करणे ही फार चांगली परीक्षा आहे. तिघे खेळत असता चौथे बाजूस पडले असेल, तर ते का पडले हे पाहावे.

५. अंगाची पाहणी

या परीक्षेत पिलू उतरले नाही तर त्याचे अंग पाहावे.

हिरड्या : ओठ अलगद उचलून पाहावे. निरोगी हिरड्या गुलाबी व ओल्या असतात. बोटाने हलके दाबून सोडल्यास पांढरा डाग पडतो व दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत येतो. फिकट पांढऱ्या हिरड्या रक्त कमी झाल्याचे, पिवळ्या काविळीचे, आणि निळसर हिरड्या श्वास कोंडल्याचे चिन्ह आहे. हिरड्या चिकट व कोरड्या लागल्या तर अंगातील पाणी कमी झाले आहे. मोठ्या मांजराच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडून पाहतात. ती लगेच खाली बसली नाही तर पाणी कमी झाले असे समजतात. पण अगदी लहान पिलात ही चिमटीची परीक्षा फसवते. तेथे हिरड्यांवर भरवसा ठेवावा.

श्वास : पिलू झोपले असता छातीचे वर-खाली होणे एक मिनिट मोजावे. मिनिटास २० ते ४० श्वास स्वाभाविक आहेत. मांजर कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकत नाही. टाकत असेल तर तो धोका समजावा.

उष्णता : मांजराच्या अंगाची उष्णता सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याहून अधिक. त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून ताप आहे असे होत नाही, आणि नाक कोरडे की ओले यावरूनही ताप ठरत नाही. ही लोकांतील एक चुकीची समजूत आहे. पंजे, कान व तोंडाचे आतील भाग गार लागत असतील तर मात्र ते ताबडतोब ध्यानात घ्यावे. तान्ह्या पिलाला पहिल्या काही आठवड्यांत स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून ते आईला चिकटून असते.

वजन : स्वयंपाकघरातील लहान वजनकाटा येथे उत्तम उपयोगी पडतो. जन्मतः पिलू सुमारे १०० ग्रॅमचे असते व पहिल्या आठवड्यांत रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढते. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. ज्या दिवशी वजन वाढले नाही तो दिवस सावध होण्याचा. ज्या दिवशी घटले तो वैद्याकडे जाण्याचा. पुष्कळदा पिलू मलूल दिसण्याच्या आधीच हा काटा बोलतो.

पिसवा : केस उलटे सारून मुळाशी काळी भुकटी दिसते का पाहावे. ती ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावी. भुकटीभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पिलाचेच पचलेले रक्त होय. ४०० ग्रॅम वजनाच्या पिलाच्या अंगात सारे मिळून सुमारे पाच चहाचे चमचे रक्त असते. एवढ्याशा साठ्यावर शेकडो पिसवा रोज बसल्या, तर पिलू मलूल का होते हे निराळे सांगावयास नको.

६. सामान्यतः आढळणारी कारणे

भूक, थंडी व जंत ही पहिली तीन. आई नाहीशी झालेल्या पिलाला आपण गाईम्हशीचे दूध पाजतो. ते कित्येक पिलांना पचत नाही, जुलाब लागतात आणि अंगातील पाणी जाते. मांजरीच्या पिलांकरिता तयार केलेली दुधाची भुकटी मिळते, ती वापरावी. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या दिसणाऱ्या व केस राठ झालेल्या पिलाच्या पोटात बहुधा जंत असतात. ते आईच्या दुधावाटेही पिलात येतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या वयापासूनच पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध देतात.

चौथे कारण ऊन. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली कोंडलेले पिलू धापा टाकते, लाळ गाळते व मग निपचित पडते. त्यास सावलीत आणून साध्या पाण्याने अंग ओले करावे, वारा घालावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

पाचवे कारण विष, आणि हे बहुधा आपल्याच हातून घडते. माणसाच्या तापावर दिली जाणारी पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला विष आहे. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी शक्ती आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. रक्तातील तांबड्या पेशी निकामी होतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. एक गोळीही प्राण घेऊ शकते. तीच गोष्ट कुत्र्याच्या पिसवांवरील परमेथ्रिनयुक्त औषधाची. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून पिलू चालते आणि मग पंजे चाटते, हेही ध्यानात असावे.

सहावे कारण साथीचे रोग. त्यांतील सर्वांत घातक तो पार्वो, ज्याने माझी मनी गेली. १९२८ साली फ्रान्समधील वर्ज व क्रिस्तोफोरोनी या संशोधकांनी हा रोग विषाणूपासून होतो हे दाखवले. हा विषाणू आतड्यांवर व हाडांतील मज्जेवर घाला घालतो; रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगाशी लढणारे सैन्यच, नाहीसे होते. प्रथम ताप व ग्लानी, मग अन्न टाकणे, वांत्या, जुलाब. पाण्याच्या भांड्याशी मान घालून बसणे पण पाणी न पिणे, हे याचे नमुनेदार चिन्ह आहे. माणसाला हा रोग होत नाही. पण त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकून राहतो. याच कारणाने आम्ही पुढे वर्षभर दुसरे पिलू आणले नाही. याविरुद्ध लस उपलब्ध आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा देऊन दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांच्या वयापर्यंत पुढच्या मात्रा देतात. लस टोचल्यावर एक दिवस पिलू थोडे सुस्त राहिले तर ते स्वाभाविक आहे. त्याहून अधिक राहिले तर विचारावे.

७. आपल्या शेजारची एक घटना

मांजराच्या ग्लानीकडे दुर्लक्ष करू नये याचे अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या जवळच घडले. नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये असे निष्पन्न झाले, की त्यांना पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा, ज्याला आपण बर्ड फ्लू म्हणतो, त्याच्या एच५एन१ विषाणूची बाधा झाली होती. त्याच जानेवारीत नागपूरच्या उत्तरेस असलेल्या छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही एच५एन१ आढळला. भारतातील पाळीव मांजरांत तो आढळल्याची ही पहिलीच नोंद होती. त्या मांजरांत दिसलेली लक्षणे कोणती? ताप, ग्लानी आणि अन्नावरची वासना उडणे. म्हणजे ज्यांना आपण ‘जरा सुस्त आहे’ एवढेच म्हणून सोडून देतो तीच.

यावरून घाबरून जाऊन मांजरे घराबाहेर काढावी असे मुळीच नाही. हा रोग मांजरांत क्वचितच आढळतो. परंतु मांजराला कच्ची कोंबडी किंवा तिची आतडी घालू नयेत, मेलेले पक्षी खाऊ देऊ नयेत, आणि परिसरात कोंबड्या मरत असता मांजर मलूल झाले तर ही गोष्ट पशुवैद्यास आवर्जून सांगावी.

माणसाने स्वतःचीही काळजी घ्यावी. आजारी पिलाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे. एखादे मांजर एकाएकी वागणुकीने बदलले, लाळ गाळू लागले, त्याला गिळता येईना, तर ‘घशात काही अडकले असेल’ म्हणून त्याच्या तोंडात बोट घालू नये. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. घरी ओरडा बसेल या भीतीने ओरखडा लपवणारा विद्यार्थी आपला जीव धोक्यात घालतो.

८. पहिल्या काही तासांत काय करावे?

पिलू गार पडले असेल तर प्रथम ऊब द्यावी. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी. अंगाखाली ठेवू नये, आणि गरम वाटल्यास बाजूस सरकण्यास जागा ठेवावी. अंग गार असता दूध पाजू नये. शुद्धीवर असल्यास साखरेच्या पाण्याचे एक-दोन थेंब हिरड्यांवर चोळावे. बेशुद्ध पिलाच्या तोंडात काहीही ओतू नये. ते फुप्फुसात जाते. इतर मांजरांपासून त्यास वेगळे ठेवावे. घरातील कोणतीही गोळी देऊ नये.

केव्हा निघावे, याचा नियम असा. उभे राहता येत नाही, तोंडाने धापा टाकते, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळ्या आहेत, वारंवार वांती होते, शौचात रक्त आहे, झटके येतात, अंग गार आहे किंवा विष पोटात गेल्याचा संशय आहे, तर त्याच क्षणी निघावे. तान्ह्या पिलाने लागोपाठ दोन वेळा दूध टाकले, तर थांबू नये. दोन-तीन महिन्यांचे पिलू मलूल असून त्याने अर्धा दिवस अन्न टाकले, तर त्याच दिवशी न्यावे. मोठे मांजर असल्यास एक दिवस वाट पाहणे क्षम्य आहे. त्याहून अधिक नाही.

भंडाऱ्यास पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि आपला गाव ज्या राजमार्गावर आहे त्याच मार्गाने नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. १९५८ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या चिकित्सालयात लहान प्राण्यांवरही उपचार होतात. जाताना एका कागदावर इतके लिहून न्यावे : पिलाचे वय, ग्लानी केव्हापासून, शेवटचे केव्हा खाल्ले, शौच व वांती कशी, लस व जंताचे औषध दिले होते की नाही, आणि घरात त्याच्या तोंडी काय गेले असू शकेल. खरे तेच सांगावे. आपण चुकून गोळी दिली असेल तर तीही सांगावी.

असो. शेवटी एक गोष्ट. शिक्षकाच्या धंद्यात शांत मुलांचे कौतुक करण्याची सवय लागते. मनी गेल्यापासून वर्गात नेहमी बडबड करणारा मुलगा एकाएकी गप्प बसू लागला, तर मी त्याला शाबासकी देण्यापूर्वी मधल्या सुट्टीत जवळ बोलावतो आणि ‘बाळ, बरे आहे ना?’ असे विचारतो. बहुतेक वेळा काही नसते. काही वेळा असते.

अभ्यास

१. तुमच्या घरी किंवा शेजारी पिलू असल्यास एक आठवडा त्याचे रोजचे वजन व जागेपणीचे वर्तन वहीत नोंदवा.

२. झोपलेले पिलू आणि ग्लानीत पडलेले पिलू यांच्या बसण्याच्या ढबीतील भेद आकृती काढून दाखवा.

३. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब व मग अन्न, असा क्रम का?

४. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, तो केव्हा उघडा असतो व तेथे कसे जावे, हे शोधून काढा. ही चौकशी पिलू आजारी पडण्यापूर्वी करावयाची आहे.